जॉर्जियन दागिने : पारख असेल तर सोने, नसेल तर पितळ

मोडीत आलेल्या दागिन्यांच्या पुडीत कधी कधी अशी वस्तू सापडते की ती आपल्याकडची नाही हे पहिल्या नजरेतच कळते. घडण वेगळी, खडे वेगळे, मागची बाजू वेगळी. असा माल हाती आला की बहुतेक दुकानांत दोनच गोष्टी होतात. एक तर वजन करून, घट कापून तो मुशीत जातो, किंवा ‘अँटिक’ म्हणून मनाला येईल ती किंमत लावून काचेच्या कपाटात जातो. दोन्ही वेळा नुकसान होते. पहिल्यात विकणाऱ्याचे, दुसऱ्यात घेणाऱ्याचे.

या विषयाकडे आमचे लक्ष गेले ते आमच्याच एका चुकीमुळे. काही वर्षांपूर्वी जुन्या मालाच्या एका गल्लीतून आम्ही एक लहानसे ब्रोच, म्हणजे कपड्याला लावायचे पिनेचे फूल, घेतले होते. फिकट जांभळे खडे, भोवती सोन्याची बारीक तारकशी, मागची बाजू पत्र्याने पूर्ण बंद. कळकट दिसत होते म्हणून घरी आणून आम्ही ते रिठ्याच्या कोमट पाण्यात रात्रभर भिजत घातले. सकाळी काढले तो खड्यांचा रंग गेलेला. जांभळे खडे राखेसारखे दिसू लागले. आम्हाला वाटले, रंगवलेली काच होती, फसलो. ते ब्रोच एका वयस्कर जडाई कारागिरांना दाखवले. चाचांनी ते उलटे करून पाहिले आणि म्हणाले, “भाई, काच नाही, खडे खरे आहेत. खाली डाक होती, ती पाण्याने मेली. कुंदनचा हार तुम्ही असा रात्रभर भिजवला असता का?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. दोनशे वर्षे टिकलेली वस्तू आम्ही एका रात्रीत बिघडवली होती. आम्ही केले ते दुसऱ्या कुणी करू नये आणि या व्यवसायात काय पाहावे, काय टाळावे हे व्यापारी व कारागीर बांधवांना कळावे, म्हणून हा लेख.

जॉर्जियन म्हणजे काय?

प्रथम एक गैरसमज दूर करू. या जॉर्जियनचा संबंध जॉर्जिया देशाशी, म्हणजे जुन्या गुर्जिस्तानाशी, नाही. इंग्लंडच्या गादीवर १७१४ ते १८३० या काळात जॉर्ज नावाचे चार राजे एकामागून एक आले. त्यांच्या कारकिर्दीत तयार झालेल्या मालाला जॉर्जियन म्हणतात. पुढची सात वर्षे, म्हणजे १८३७ साली व्हिक्टोरिया राणी गादीवर येईपर्यंतचा काळही पुष्कळ जण यातच धरतात. त्यानंतरचा माल व्हिक्टोरियन. आपल्या बाजारात मात्र काळपट चांदी आणि रोझ कटचे हिरे दिसले की सरसकट ‘व्हिक्टोरियन’ म्हणायची रीत पडली आहे. कालच्या कारखान्यात बनलेल्या मालालाही तेच नाव. नावावर विसंबून व्यवहार करू नये, हा पहिला धडा.

खरा जॉर्जियन दागिना दुर्मिळ आहे. याचे कारण आपल्या बांधवांना लगेच पटेल. फॅशन बदलली की तिकडेही लोक दागिना मोडून नवा घडवीत. सोने वितळे, हिरे नव्या घडणीत बसत. म्हणून मोठ्या किमतीचे दागिने कमी उरले आणि ज्यात मोडण्यासारखे फारसे नव्हते, अशा काचेच्या, पोलादाच्या आणि आठवणीच्या वस्तू अधिक उरल्या.

हिरा आपल्या मातीचा

या दागिन्यांशी आपले नाते जुने आहे. १७२० च्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडले. तोपर्यंत युरोपात जाणारा जवळजवळ सगळा हिरा हिंदुस्थानातला, मुख्यतः गोवळकोंड्याच्या मुलखातला होता. मद्रासचा इंग्रज गव्हर्नर थॉमस पिट याने येथे घेतलेला ४१० कॅरेटचा कच्चा हिरा लंडनमध्ये पैलू पाडून १७१७ साली फ्रान्सच्या राजदरबाराला विकला गेला. पैलू पाडल्यावर त्याचे वजन सुमारे १४० कॅरेट भरले. ‘रीजंट’ नावाचा हा हिरा आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाचा आहे.

आर्काटचे नवाब मुहम्मद अली वालाजाह यांनी तिसऱ्या जॉर्जची राणी शार्लट हिला १७७७ साली हिरे नजर केले. ते आजही ‘आर्काट हिरे’ म्हणून ओळखले जातात. १७८६ साली हैदराबादच्या निजामांनी पाठवलेला एक मोठा हिरा वॉरन हेस्टिंग्जमार्फत राजाकडे पोचला. त्याच वेळी हेस्टिंग्जवर पार्लमेंटमध्ये आरोप सुरू होते, त्यामुळे ही लाच तर नव्हे, म्हणून लंडनच्या व्यंगचित्रकारांनी राजाची चांगलीच टर उडवली. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर टिपू सुलतानाच्या सिंहासनावरचा रत्नजडित हुमा पक्षी तिसऱ्या जॉर्जकडे गेला आणि तो अजूनही इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. जॉर्जियन थाटामागे कुणाच्या खाणी होत्या आणि कुणाचे खजिने होते, हे विसरता येत नाही.

डाक, काच आणि नकली सोने

आता घडणीकडे येऊ. त्या काळात दिवे मेणबत्तीचे. अशा मंद उजेडात खडा चमकावा म्हणून त्याच्याखाली चकचकीत धातूचा पातळ पत्रा, म्हणजे डाक, ठेवीत आणि मागची बाजू पूर्ण बंद करीत. फिकट खड्याला गडद दाखवायचे असेल तर डाक रंगीत असे. आपल्याकडच्या कुंदन जडाईची ओळख असलेल्या कारागिराला यात नवे काहीच वाटणार नाही. फरक एवढाच की आपल्याकडे खडा शुद्ध सोन्याच्या कुंदनाने बसवतात, तिकडे कोंदणाची कड दाबून बसवीत.

हिऱ्याला कोंदण चांदीचे असे. प्लॅटिनम तेव्हा दागिन्यांच्या कामात रुळलेले नव्हते आणि पिवळ्या सोन्यात हिरा पिवळट दिसतो. चांदीने कपड्यावर व अंगावर काळे डाग पडतात, म्हणून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात चांदीच्या मागे सोन्याचा पत्रा लावू लागले. वर चांदी, खाली सोने ही घडण आजही नक्कल करणारे वापरतात. हिऱ्याचे पैलू रोझ कट किंवा ओल्ड माइन कट, हाताने पाडलेले, म्हणून थोडे वाकडेतिकडे. सगळे खडे एकसारखे, गोल आणि गणिताने बसवल्यासारखे दिसले तर संशय घ्यावा. आजच्या ब्रिलियंट कटचे प्रमाण १९१९ साली ठरले.

काचेचे खडे म्हणजे हलका माल, असे मात्र समजू नये. शिसे मिसळलेल्या चमकदार काचेला तिकडे पेस्ट म्हणत. पॅरिसचा जवाहिर जॉर्ज फ्रेडरिक स्ट्रास याने अठराव्या शतकात हे काम इतक्या दर्जाला नेले की उमरावांच्या बायकाही ते उघडपणे घालीत. काच हवी तशी कापता येते, म्हणून पेस्टचे खडे एकमेकांना अगदी चिकटून बसवलेले असतात. पुष्कळदा खड्याच्या तळाच्या टोकाला काळा ठिपका दिलेला दिसतो. जुना पेस्ट दागिना आज संग्राहक आवडीने घेतात आणि ‘काच आहे’ म्हणून तो टाकून देणाऱ्याचे नुकसान होते.

तीच गोष्ट नकली सोन्याची. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरचा घड्याळजी क्रिस्टोफर पिंचबेक (मृत्यू १७३२) याने तांबे आणि जस्त यांचे असे मिश्रण काढले की रंग हुबेहूब सोन्याचा. प्रवासात लुटारूंची भीती, म्हणून खरे दागिने घरी ठेवून लोक पिंचबेक घालीत. कसोटीवर ते नापास होणारच. पण अस्सल पिंचबेकला संग्राहक वेगळी किंमत देतात. पोलादाच्या बारीक पैलूदार मण्यांचे दागिनेही असेच. वूडस्टॉक गावी त्यांचे नाव झाले, पुढे बर्मिंगहॅममध्ये मॅथ्यू बोल्टनच्या कारखान्यात ते बनू लागले. असा दागिना सोन्याच्या भावाने तोलणे म्हणजे जुनी पोथी रद्दीच्या भावाने घेण्यासारखे आहे.

आठवणीचे दागिने

त्या काळी मृत्युपत्रात ‘माझ्यामागे अमक्या अमक्याला अंगठी करून द्यावी’ म्हणून पैसे ठेवायची चाल होती. अशा अंगठीवर मिन्यात मृताचे नाव, तारीख आणि वय लिहिलेले असते. साधारणपणे काळा मिना विवाहितासाठी आणि पांढरा मिना अविवाहितासाठी वापरीत. काहींत काचेखाली केसांची बट असते. नाव आणि तारीख असल्यामुळे अशी वस्तू स्वतःच स्वतःचा दाखला देते. अंगठी लहानमोठी करताना ही अक्षरे कापली गेली की किंमत गेली, हे कारागिरांनी पक्के लक्षात ठेवावे.

याशिवाय ‘रिगार्ड’ अंगठी असे. माणिक, पाचू, गार्नेट, ॲमेथिस्ट, पुन्हा माणिक आणि हिरा या खड्यांच्या इंग्रजी नावांची पहिली अक्षरे जुळवली की आदर या अर्थाचा शब्द होतो. अशा अंगठीतला एक खडा पडला आणि दुकानदाराने रंग जुळवून भलताच बसवला, तर शब्दच मोडतो. डागडुजीच्या अशा चुका आम्ही पाहिल्या आहेत.

चांदीचे छाप वाचायला शिका

शोभेच्या आणि वापराच्या वस्तूंत तपकिरीच्या डब्या, मेणबत्तीचे खांब, कमरेला लटकवायच्या किल्ल्या-कात्रीच्या साखळ्या (आपल्याकडच्या कमरेच्या छल्ल्याच्या चुलत बहिणीच म्हणा), अत्तरी शिरक्यात भिजवलेला स्पंज ठेवायच्या जाळीदार डब्या आणि चहाचे डबे येतात. चहाच्या डब्याला कुलूप असे, कारण चहा फार महाग. १७८४ साली चहावरची जबर जकात १२.५ टक्क्यांवर आणली, तेव्हा तो सामान्यांच्या आवाक्यात आला.

चांदीच्या मालात छाप हाच खरा साक्षीदार. आपल्याकडे सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला तो २०२१ साली. इंग्लंडमध्ये ही पद्धत १३०० सालापासूनची आहे. आपल्या बांधवांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ चांदी. बिबट्याचे डोके म्हणजे लंडन, आणि १८२१ पर्यंत त्या डोक्यावर मुकुट असे. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम आणि नुसता मुकुट म्हणजे शेफील्ड. ही दोन्ही तपासणी केंद्रे १७७३ साली सुरू झाली. एक इंग्रजी अक्षर साल दाखवते. त्याची तक्ते छापलेली पुस्तके मिळतात. राजाचे डोके म्हणजे कर भरल्याची खूण, ती १७८४ ते १८९० या काळातच असते. ते डोके राणीचे असेल तर माल जॉर्जियन नाही.

सोन्याच्या बाबतीत एक सोपी कसोटी आहे. १७९८ पर्यंत इंग्लंडमध्ये कायद्याने फक्त २२ कॅरेट होते, त्या वर्षी १८ आले. ९, १२ आणि १५ कॅरेट आले ते १८५४ साली. म्हणून १५ चा छाप असलेली अंगठी ‘जॉर्जियन’ म्हणून कुणी दाखवली तर नमस्कार करून पुढे जावे. मात्र लहान दागिन्यांना छापातून सूट होती, तेव्हा छाप नाही एवढ्यावरून माल खोटा ठरत नाही. आणि वस्तूवर ‘इंग्लंड’ असे देशाचे नाव कोरलेले असेल तर ती बहुधा १८९१ नंतरची, कारण त्या वर्षी अमेरिकेच्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव आवश्यक केले.

लबाडी तेव्हाही होती

चांदीवर १७२० ते १७५८ पर्यंत औंसामागे सहा पेन्स कर होता. तो चुकवायला काही कारागीर छोट्या वस्तूवर छाप मारून घेत आणि तेवढा तुकडा कापून मोठ्या भांड्यात डाखाने बसवीत. १७५८ च्या सुमारास खोट्या छापासाठी फाशीची शिक्षा ठेवावी लागली, यावरून प्रकार किती बोकाळला होता याची कल्पना येईल. आजही अशी वस्तू समोर आली तर छापाच्या जागी तोंडाची वाफ सोडून पाहावे. डाखाची रेघ असेल तर क्षणभर उमटते.

दुसरी खूण तळाशी. पुष्कळ चांदीच्या भांड्यांच्या बुडाला त्या काळचे वजन ट्रॉय औंसात बारीक कोरलेले असते. आज तोलून पाहा. थोडी झीज समजण्यासारखी आहे. पण फरक मोठा असेल तर काहीतरी काढून टाकले आहे, बहुधा जुन्या मालकाचे घराणेचिन्ह घासले आहे. बोटाने दाबून पाहिल्यास तेथे पत्रा पातळ लागतो.

तिसरी गोष्ट मुलाम्याची. सुमारे १७४३ साली शेफील्डच्या थॉमस बोल्सोव्हरने तांब्यावर चांदीचा पत्रा तापवून चिकटवायची युक्ती शोधली. जुन्या शेफील्ड प्लेटला कडेला झिजून तांबे डोकावते आणि तेच तिचे सौंदर्य मानतात. विजेचा मुलामा आला तो १८४० नंतर. जुन्या प्लेटवर नवा विजेचा मुलामा चढवून चकाचक करणारे दुकानदार आपल्या हाताने तिची किंमत उतरवतात.

दागिन्यांतला मोठा घोटाळा म्हणजे जोडकाम. जुन्या ब्रोचची अंगठी, जुन्या बटणांचे कानातले, जुन्या कोंदणात नवा खडा. सुट्टा भाग जुनाच असतो, पण पूर्ण वस्तू नव्हे. पिनेची सुरक्षित बंद होणारी कडी, कानातल्याचा स्क्रू, यंत्राने ओतलेल्या धातूचे बारीक फोड, आतल्या बाजूचा ऱ्होडियमचा पांढरा झगमगाट या सगळ्या पुढच्या काळातल्या खुणा आहेत. माणिक कृत्रिम निघाले तर ते विसाव्या शतकातले, कारण कारखान्यातील माणिक १९०२ पासून बाजारात आले. दहापट भिंग खिशात ठेवावे आणि वस्तू नेहमी मागच्या बाजूने पाहायला सुरुवात करावी. पुढची बाजू विकण्यासाठी सजवलेली असते, मागची खरे बोलते.

कारागिरांनी घ्यायची काळजी

मागून बंद दागिना पाण्यात, ॲसिडात किंवा अल्ट्रासॉनिक यंत्रात घालू नये. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढावी, बस्स. त्यावर थेट फुंकणी किंवा गॅसची आच नको. डाक जळते, पेस्ट तडकते, मिना उडतो. कसोटीवर घासण्याऐवजी टंच काढायच्या यंत्रावर तपासावे. दुरुस्ती करावीच लागली तर आधी फोटो काढावा, मालकाला सांगावे आणि काढलेला मूळ भाग फेकू नये, पुडीत बांधून परत द्यावा. जुन्या झळाळीसाठी पाऱ्याचा मुलामा देण्याचा मोह तर मुळीच नको. त्या धुराने तिकडच्या मुलामेवाल्यांची आयुष्ये आखूड केली.

कायदा विसरू नका

आपल्या देशात १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे आणि तो ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आहे. ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाची शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते. तिचा विक्रीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. नवी वस्तू जुन्यासारखी दिसत असेल तर बाहेर पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा. पाहुण्याच्या बॅगेत टाकून दिली, असे म्हणून सुटका होत नाही.

हस्तिदंताबाबत दुप्पट सावध राहावे. त्या काळची लहान चित्रे हस्तिदंताच्या पातळ पट्टीवर रंगवीत. भारतात हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे. ब्रिटनमध्येही ६ जून २०२२ पासून कडक कायदा लागू झाला आणि तेथे १९१८ पूर्वीच्या लहान चित्रांनाही नोंदणी करूनच विकता येते. कासवाच्या पाठीच्या डब्यांचीही तीच गत. असा माल स्वस्त मिळाला म्हणून घेऊ नये.

धंदा कुठे आहे?

एवढे वाचून कुणी म्हणेल, मग यात आपल्याला काय? आमच्या मते तीन वाटा आहेत. पहिली वाट पारखीची. मोड घेताना दोन मिनिटे जास्त पाहिले तर वितळण्यापासून एखादी वस्तू वाचते आणि विकणाऱ्याला तिची खरी किंमत सांगता येते. आपला गिऱ्हाईक पुढे आणखी दहा जणांना घेऊन येतो. दुसरी वाट दुरुस्तीची. मागून बंद कोंदण उघडून नवी डाक घालणे, हाताने मिना भरणे, रोझ कट बसवणे ही कामे जगात आता मोजकेच हात करतात आणि कुंदन, मिना व जडाईचे हुनर आपल्या कारागिरांकडे पिढ्यान् पिढ्या आहे. तिसरी वाट नव्या मालाची. जॉर्जियन घडणीचा नवा दागिना बनवणे यात काहीच गैर नाही. मात्र बिलावर ‘जॉर्जियन पद्धतीचा, नवा’ असे स्पष्ट लिहावे. आपल्या हातचा माल आपल्या नावाने विकता येत असताना तो मेलेल्या इंग्रजाच्या नावावर का खपवावा?

डोळा तयार करायचा तर आधी अस्सल माल पाहावा लागतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणि हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात युरोपी कारागिरीच्या वस्तू आहेत. लंडनला जाणाऱ्या बांधवांनी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातले दागिन्यांचे दालन जरूर पाहावे. काचेआडचा माल विकत मिळत नाही, पण तो पाहिलेला डोळा पुढे पैसे वाचवतो.

आमचे ते ब्रोच चाचांनी चार महिने ठेवून घेतले. एक एक कोंदण सोडवून त्यांनी नवी डाक बसवली. खडे पुन्हा जांभळे झाले. मजुरी विचारली तर ब्रोच घेतले होते त्याच्या तिप्पट सांगितली आणि आम्ही ती मुकाट्याने दिली. परत देताना ते म्हणाले, “आता हे दोनशे वर्षांचे राहिले नाही. खडे जुने, सोने जुने, डाक माझी. कुणाला द्याल तर तसे सांगून द्या.” ते ब्रोच अजून आमच्याकडेच आहे, आणि डबीत चाचांच्या हातची तशी चिठ्ठीही आहे.